एएमसीत तपासणीचं कलम घाला : शासकीय संकेतस्थळं सांभाळणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
जिल्हा कार्यालयं, नगर परिषदा, महामंडळं आणि इतर शासकीय कार्यालयांतले ते सर्व अधिकारी व कर्मचारी, ज्यांच्या टेबलावर संकेतस्थळाची फाइल आहे,
महाराष्ट्र राज्य.

विषय : संकेतस्थळाच्या वार्षिक देखभाल करारात (एएमसी) गुणवत्ता तपासणीचा समावेश करणेबाबत.

महोदय / महोदया,

तुमच्यापैकी अनेकांच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी ‘शेवटचे अद्यतन’ असं लिहून पुढे तारीख दिलेली असते. ती नेहमी आजची असते. काल उघडलं तेव्हा कालची होती, उद्या उघडलं तर उद्याची असेल. कोणी पानाला हात लावला म्हणून ती बदलत नाही. बनवणाऱ्याने तिथे आजची तारीख छापणारी एक ओळ टाकून ठेवलेली असते, बस्स. आणि त्याच पानावर वरच्या बाजूला ‘नवीन’ असं लुकलुकणारं चिन्ह लावलेली २०१९ची पदभरतीची जाहिरात असते.

नियमाप्रमाणे पानावर तारीख हवी, तर तारीख आहे. कोणीतरी यादीत त्यापुढे बरोबरची खूणही केली असणार. पान वाचलं कोणीच नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने बनवलेलं कुठे मोडतं ते शोधायचं आणि लिहून द्यायचं, हे माझं रोजचं काम. परदेशी बँकांच्या नि दुकानांच्या साइट तपासते, त्याचे चांगले पैसे मिळतात. घरी आले की नातेवाइकांचे फोन येतात ते मात्र तुमच्या साइटबद्दल. म्हणून एका कार्यालयाला काही चुका रीतसर ईमेलने कळवल्या. संपर्क पानावर दिलेला पत्ता अस्तित्वात नसल्याचं उत्तर मेल सर्व्हरकडूनच आलं. दुसऱ्या एका ठिकाणी ‘अभिप्राय’चा फॉर्म होता, तो कॅप्चाच्या, म्हणजे चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकायच्या पायरीच्या, पुढे गेला नाही. तेव्हा हे खुलं पत्र. नाव कोणत्याच कार्यालयाचं घेत नाही, कारण गुन्हा एकट्यादुकट्याचा नाही.

आधी तुमचा देखभालीचा करार काढून पाहा. एएमसी म्हणून जे कागद असतात, त्यांत बहुधा सर्व्हर चालू ठेवणे, बॅकअप घेणे, कार्यालयाने दिलेला मजकूर चढवणे आणि बिघाड झाल्यास अमुक तासांत दुरुस्त करणे एवढं असतं. शिवाय एक आकडा असतो : अपटाइम, म्हणजे साइट चालू राहण्याचा वेळ, ९९.५ टक्के. ऐकायला भरभक्कम. आता हिशेब करू. वर्षाचे तास ८,७६०. त्यातला अर्धा टक्का म्हणजे जवळपास ४४ तास. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी साइट सकाळी दहापासून रात्री बारापर्यंत आडवी पडली, तर गेले १४ तास. ठेकेदाराने करार मोडलेला नाही, त्याच्या बिलातून एक रुपया कापता येणार नाही, आणि दुसऱ्या कुठल्या तरी शेवटच्या तारखेसाठी त्याच्या खात्यात अजून ३० तास शिल्लक आहेत.

साइट जागी असताना काय बोलते, याबद्दल तर करारात चकार शब्द नसतो. टाकी भरलेली दिसली की पाणीपुरवठा सुरळीत असल्याचा अहवाल द्यायचा आणि नळ कोणी सोडून बघायचा नाही, असा हा कारभार आहे. साइट बंद पडली तर निदान बोंब होते, वर्तमानपत्रात चौकट येते. चुकीची माहिती देत ती सुरू राहिली तर बोंब होत नाही. माणूस कामावर खाडा करून एसटीने तालुक्याला येतो, खिडकीवर त्याला कळतं की साइटवरचा नमुना केव्हाच रद्द झाला, नवीन नमुना बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळेल. तो फॉर्म घेतो नाहीतर परत जातो. तुमच्या डॅशबोर्डवर त्या वेळी हिरवा दिवा असतो.

शेवटच्या तारखेची गर्दी म्हणजे अवकाळी पाऊस नाही. तारीख तुम्हीच ठरवता, लोक त्या दिवशी येणार हेही तुम्हाला ठाऊक असतं. मे २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर एकाच संकेतस्थळावरून व्हायचे होते. २१ तारखेला नोंदणी सुरू होताच साइट कोलमडली आणि नोंदणी २६ तारखेवर ढकलावी लागली. दहावीचा निकाल १३ मेलाच लागलेला होता. किती मुलं येणार हे गुपित नव्हतं. अशा गर्दीची रंगीत तालीम करता येते, तिला लोड टेस्टिंग म्हणतात. हजारो खोटे वापरकर्ते एकदम सोडायचे आणि साइट कुठे वाकते ते आधीच पाहून ठेवायचं. जेमीटरसारखी त्याची साधनं फुकट मिळतात. लागतो तो फक्त तपासणीसाठी राखून ठेवलेला आठवडा, आणि नेमका तोच उद्घाटनाच्या मुहूर्तापायी खाल्ला जातो.

गर्दी नसली तरी तारीख दगा देते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. जाहिरातीत छापलं, ‘अंतिम दिनांक ३१ मार्च’. प्रोग्राममध्ये ३१ मार्च एवढंच टाकलं, वेळ टाकली नाही. संगणक नुसत्या तारखेचा अर्थ त्या दिवसाची सुरुवात असा घेतो, म्हणजे ३० तारखेच्या रात्री बारा वाजता फॉर्म बंद. सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेऐवजी ग्रीनिचच्या वेळेवर लावलेलं असेल तर तो ३१ तारखेला पहाटे साडेपाचला बंद होतो. अर्जदार नाष्टा करून केंद्रावर पोचतो तेव्हा मुदत संपलेली असते, आणि हेल्पलाइनवरचा मुलगा सांगतो, ‘शेवटच्या दिवसापर्यंत कशाला थांबलात?’ आमच्या धंद्यात नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात शिकवतात की सीमा तपास. ३० तारखेला फॉर्म भरून बघ, ३१ तारखेला रात्री पावणेबाराला भरून बघ, १ तारखेला भरून बघ. चाचणी सर्व्हरचं घड्याळ पुढे-मागे करून हे अर्ध्या तासात होतं.

माझा मामेभाऊ तालुक्याच्या गावी ई-सेवा केंद्र चालवतो. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत त्याचं काम रात्री बारानंतर सुरू होतं, कारण तेव्हाच साइट ‘लोड घेते’. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचं फोल्डर तयार असतं. त्यात आधार, उत्पन्नाचा दाखला, सहीचं स्कॅन आणि २० ते ५० केबीत कोंबलेला फोटो, ज्यात माणूस ओळखू येईलच असं नाही. एक एक अर्ज उघडतो, भरतो, आणि ओटीपीच्या पायरीवर झोपलेल्या अर्जदाराला फोन लावतो, ‘काका, मेसेज आला का बघा, सहा आकडे सांगा, पटकन सांगा, वेळ संपतोय.’ काका चष्मा शोधतात. तेवढ्यात सेशन संपतं आणि सगळा अर्ज पुन्हा पहिल्यापासून. कुठलं बटण दोनदा दाबावं लागतं, कुठल्या पानावरून मागे गेलं की भरलेलं सगळं पुसलं जातं, कुठल्या ब्राउझरमध्ये पावती छापली जात नाही, हे त्याला तोंडपाठ आहे. तुमच्या साइटचे सगळ्यांत अनुभवी टेस्टर असे गावोगाव बसलेले आहेत. यूएटीच्या बैठकीला, म्हणजे वापरणाऱ्यांनी साइट वापरून पाहायच्या बैठकीला, मात्र ठेकेदाराचा प्रकल्प व्यवस्थापक आणि तुमचे दोन अधिकारी असतात. चहा होतो, सही होते.

आता मराठीकडे येते, कारण माझी खरी तक्रार इथे आहे. १९६४चा राजभाषा अधिनियम आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मुखपृष्ठावर मराठी आधी दिसते. पण साइट मराठीत तपासली जाते का? बहुतेक ठिकाणी टीम सगळं इंग्रजीत बनवते, इंग्रजीत तपासते, शेवटी मजकूर बदलून मराठी चढवते आणि ‘दिसतंय ना व्यवस्थित’ म्हणून मोकळी होते. मराठी दिसली म्हणजे ती चालली असं होत नाही.

एक प्रयोग आत्ता करून बघा. तुमच्या साइटच्या शोधचौकटीत ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द टाका, आधी स्वतःच्या फोनवरून आणि मग कार्यालयातल्या जुन्या संगणकावरून. यातला ‘ऱ्यां’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं, त्याचा पाय मोडलेला असतो. दुसरीत आपला साधा ‘र’, पाय मोडलेला, आणि त्याच्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधणाऱ्या प्रोग्रामला मात्र ते दोन निरनिराळे शब्द. एका कीबोर्डवरून एक येतो, दुसऱ्यावरून दुसरा. मग योजना साइटवर आहे, शेतकऱ्याने अचूक शब्द टाकून शोधली, आणि उत्तर आलं, ‘कोणतीही माहिती आढळली नाही’. ‘ॲ’ची तीच गत. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली आलं. त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवून काम चालवलं जायचं, आणि तसं लिहिणारे कीबोर्ड आजही आहेत. त्यामुळे ‘ॲड.’ लावणाऱ्या वकिलांची आणि ‘ॲग्रो’ लावणाऱ्या दुकानांची दोन-दोन रूपं तुमच्या डेटाबेसात शेजारी-शेजारी नांदत असतात. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या तर तुम्ही त्याला दुबार लाभार्थी ठरवता, किंवा त्याचं नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत पाठवता. शोधण्याआधी आणि साठवण्याआधी दोन्ही रूपं एका रूपात आणणं हे प्रोग्रामरचं फार तर एका दुपारचं काम आहे. पण आधी कोणीतरी मराठी शब्द टाकून बघायला हवा, आणि बघणारा मराठी लिहिणारा हवा.

नावाच्या चौकटीचा प्रकार तर हसावं की रडावं असा. वर सूचना, ‘अर्जदाराचे आडनाव मराठीत लिहा’. लिहिलं ‘शिंदे’. खाली लाल अक्षरांत, ‘कृपया फक्त अक्षरे टाका’. प्रोग्रामरने चांगल्या हेतूने अट घातलेली असते की या चौकटीत आकडे नकोत, चिन्हं नकोत, फक्त अक्षरं हवीत. पण युनिकोडच्या वर्गवारीत ‘श’ आणि ‘द’ ही अक्षरं आहेत. वेलांटी, अनुस्वार, मात्रा यांची गणना अक्षरांत होत नाही, त्यांचा चिन्हांचा वर्गच निराळा. तेव्हा ‘नगरकर’ बिनबोभाट पास होतात आणि शिंदे, जोशी, कुलकर्णी, कांबळे सगळे नापास. टेस्टिंगच्या दिवशी एखादे नगरकर हजर असतील तर चूक सापडायचीही नाही. म्हणून आम्ही तपासणीसाठी नावांची यादीच करून ठेवतो. त्यात जोडाक्षरवाली आडनावं असतात, एका अक्षराची आद्याक्षरं असतात, मधलं नाव नसलेली बाई असते, आणि लग्नाआधीचं-नंतरचं अशी दोन नावं असलेलीही असते. यादी एकदा केली की सगळ्या कार्यालयांना पुरेल.

जुन्या पानांचं दुखणं मी लांबवत नाही. युनिकोड रुळायच्या आधी श्रीलिपी, कृतीदेव किंवा ‘सुरेख’ घराण्यातल्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर अजून काही साइटवर तसाच आहे. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रूपांतरानंतर एकदा डोळ्यांखालून घालावं लागतं. ते तेवढं करा.

शासन निर्णयाच्या शेवटी एक ओळ असते, ती तुम्हा सर्वांना पाठ असेल : सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक असा आहे, हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे. ही सोय मला मनापासून आवडते. संकेतांक टाकला की निर्णय समोर येतो, यासाठी ज्याने कोणी डोकं लढवलं त्याला नमस्कार. पुढे मात्र हाच निर्णय खालच्या कार्यालयात येतो. तिथे त्याची प्रिंट निघते. तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का बसतो, साहेबांची हिरव्या शाईतली सही होते. मग ती प्रिंट स्कॅनरवर थोडी तिरकी ठेवली जाते, कोपऱ्यात पंचिंगचं भोक, आणि ‘स्कॅन००१२’ नावाची भलीमोठी फाइल कार्यालयाच्या साइटवर चढते. आत गेला तो शब्दांचा कागद होता, बाहेर आलं ते चित्र. त्यात शब्द शोधता येत नाही, परिच्छेद उचलता येत नाही, आणि गावातल्या नेटवर्कवर ती उघडेपर्यंत माणूस कंटाळतो. माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या ‘१७ बाबी’ही अशाच स्कॅन करून टाकलेल्या असतात. कायदा २००५चा. त्यात ही माहिती दरवर्षी अद्ययावत करायला सांगितलं आहे. पानावरच्या अधिकाऱ्यांच्या यादीत मात्र निवृत्त होऊन गेलेले साहेब अजून जनमाहिती अधिकारी असतात.

स्कॅन केलेल्या चित्रापाशी अंध माणसाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, मुका होतो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध प्रोग्रामरने तो २००६ मध्ये बनवायला घेतला, आणि तो मराठीही वाचतो. कार्यालयातल्या एका संगणकावर तो टाका, पडदा बंद करा, माउस बाजूला ठेवा आणि आपल्याच साइटवर एक अर्ज भरून दाखवा. ज्या बटणाला नाव दिलेलं नाही तिथे तो नुसतं ‘बटण’ म्हणतो. सहा बटणं असतील तर सहा वेळा ‘बटण’. कॅप्चाच्या चित्रापाशी सगळं थांबतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा आहे, पण त्याखालच्या नियमांतली सुगम्यतेची तत्त्वं शिफारशीवजा आहेत असं समजून आजवर सगळे निवांत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही, बंधनकारक मानकं हवीत, असं सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्यामुळे ‘पुढच्या टप्प्यात घेऊ’ हा शेरा आता फाइलीवर टिकणार नाही.

साइट न हलवताही बिघडते, हे फार थोड्यांना पटतं. आपण काहीच बदललं नाही, मग बिघडेल कशी? पण तिच्या आजूबाजूचं जग बदलतं. ज्या विभागाची लिंक तुम्ही दिली तो विभाग पत्ता बदलतो. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली, तीत २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी गायब होती आणि तिथल्या सरकारी पानांपैकी २१ टक्के पानांवर किमान एक तुटकी लिंक होती. तुटकी लिंक परवडली, कारण ती निदान उघडत नाही. योजनेसाठी घेतलेलं एखादं खासगी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, नूतनीकरणाअभावी सुटतं, दुसरा कोणीतरी ते विकत घेतो, आणि तुमच्या पानावरची ‘येथे अर्ज करा’ ही लिंक भलत्याच दुकानात जाऊन उघडते. २०२४ मध्ये तर जीओव्ही डॉट इन या सरकारी पत्त्यांवरच्याच काही लिंका लोकांना ऑनलाइन सट्ट्याच्या साइटकडे नेत असल्याच्या बातम्या आल्या. आपल्या साइटचं नाव महिन्यातून एकदा गुगलमध्ये टाकून पहिली दोन-तीन पानं वाचली तरी असली घुसखोरी बऱ्याचदा ध्यानात येते.

पत्त्याशेजारच्या कुलपाचं, म्हणजे सुरक्षा प्रमाणपत्राचंही तेच. ते आतापर्यंत साधारण वर्षभर चालायचं. मार्च २०२६ पासून निघणाऱ्या प्रमाणपत्रांची मुदत जास्तीत जास्त २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस, असं ब्राउझर बनवणाऱ्यांनी आणि प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्यांनी मिळून ठरवलं आहे. वर्षातून एकदा टिपणी चालवून मंजुरी घेण्याची पद्धत यात बसणार नाही. नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय आतापासून करा, नाहीतर ‘ही साइट सुरक्षित नाही’ असं लाल पान लोकांना दिसेल आणि ते ‘तरीही पुढे जा’ दाबायला शिकतील. सायबर भामट्यांना नेमकं तेच हवं असतं.

यावर मला कोणती उत्तरं मिळतील ती माहीत आहेत. पहिलं, ‘आमचं ऑडिट झालेलं आहे’. झालं असेल, पण ते सुरक्षेचं. ‘सेफ टू होस्ट’ प्रमाणपत्र साइट फोडता येते का एवढं बघतं. फोन नंबर चुकीचा आहे, शिंदेंचा अर्ज अडकतोय, हे त्याच्या कक्षेतच नाही. दुसरं, ‘ते सगळं एनआयसी (केंद्र सरकारची माहिती-तंत्रज्ञान संस्था) बघते’. जिल्ह्यांच्या साइट एनआयसीच्या एका सामायिक चौकटीवर गेल्या हे उत्तमच झालं. रचना, मोबाइलवरची मांडणी एका जागी सुधारली की सगळीकडे सुधारते. पण चौकटीतला मजकूर तुमचा. तो एनआयसी लिहीत नाही.

तिसरं उत्तर खरं आहे, आणि त्याच्यापुढे मी नमतं घेते : माणसं नाहीत. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं, ज्यांना सगळे जीआयजीडब्ल्यू म्हणतात, २००९ पासून आहेत. २०१८ मध्ये सुधारली, २०२३ मध्ये तिसरी आवृत्ती आली. त्यांत वेब माहिती व्यवस्थापक नेमायला सांगितलं आहे. तुम्ही नेमताही. आस्थापना, आवक-जावक आणि निवडणूक सांभाळणाऱ्या वरिष्ठ सहायकाला ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून तो टिळा लागतो, साइटवर त्याचं नाव झळकतं, वर्षाने त्याची बदली होते आणि नाव तिथेच राहतं. पासवर्ड कुणाकडे आहे हे शोधण्यात पुढच्याचे दोन महिने जातात. त्या बिचाऱ्याला आणखी एक तक्ता भरायला लावा असं मी म्हणणार नाही. तो तक्ता भरेल, आजची तारीख टाकेल.

म्हणून माझी मागणी एकच आहे : तपासणी ठेकेदाराच्या बिलाला बांधा. टेस्टिंगचं महत्त्व पटवणाऱ्या कार्यशाळांनी काही होत नाही, त्या मी घेतल्याही आहेत. बिल अडलं की सगळं हलतं. कलमांचा मसुदा तुमच्याच निविदांच्या भाषेत करून देते.

‘कंत्राटदाराने कोणताही बदल थेट चालू संकेतस्थळावर करू नये. प्रत्येक बदल प्रथम चाचणी सर्व्हरवर करावा व कार्यालयाने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीची लेखी मान्यता घेतल्यानंतरच तो चालू संकेतस्थळावर आणावा.’

‘प्रत्येक तिमाहीच्या देयकासोबत गुणवत्ता तपासणी अहवाल जोडणे बंधनकारक राहील. सदर तपासणी कंत्राटदाराव्यतिरिक्त अन्य व्यक्ती अथवा संस्थेने केलेली असावी. अहवालातील गंभीर त्रुटी दूर झाल्याखेरीज देयक पारित केले जाणार नाही.’

‘अर्ज स्वीकारण्याच्या मुदतीतील अखेरच्या तीन दिवसांत संकेतस्थळ बंद राहिल्यास बंद राहिलेला प्रत्येक तास उपलब्धतेच्या हिशेबात दहा तासांचा धरण्यात येईल.’

तिसऱ्या कलमाला ठेकेदार कडाडून विरोध करतील. सोडू नका. ते मान्य झालं तर शेवटच्या दिवसाचे १४ तास म्हणजे १४० तास होतात, ९९.५ टक्के तिथल्या तिथे मोडतात, आणि लोड टेस्टिंग करायची आठवण ठेकेदाराला तुम्ही करून द्यावी लागत नाही.

अहवालात काय असावं? सगळ्या लिंका तपासल्याचा निकाल, तो फुकटच्या प्रोग्रामने तासाभरात निघतो. साइटवरचा प्रत्येक फोन नंबर प्रत्यक्ष लावून बघितल्याची नोंद आणि कोणी उचलला ते. स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून, मराठी नावाने भरलेला एक पूर्ण अर्ज, सुरुवातीपासून पावतीपर्यंत. स्क्रीन रीडरवर तोच अर्ज. मराठी आणि इंग्रजी पानावरची रक्कम, तारीख आणि पात्रता जुळते का ते. आणि मागच्या तिमाहीत सापडलेल्या चुका परत उगवल्या नाहीत ना, याची फेरतपासणी. एक दुरुस्त करताना दुसरं मोडतं, हा या धंद्याचा नियम आहे, म्हणून ही फेरतपासणी कंटाळवाणी असली तरी वगळू नका. बाहेरचा तपासनीस कुठून आणायचा, तर जवळच्या पॉलिटेक्निकमधल्या किंवा इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांना हे काम शिकवून देता येतं. सोबत एक ई-सेवा केंद्रचालक आणि एक दिव्यांग वापरकर्ता घ्या. सगळ्यांना मानधन द्या. फुकट करून घेतलेली तपासणी दुसऱ्या तिमाहीला बंद पडते.

बहुतेकांच्या एएमसीचं नूतनीकरण मार्चअखेर असतं, म्हणजे प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत चालेल. वरची कलमं जशीच्या तशी उचलायला माझी हरकत नाही. तपासणीसाठीची नावांची यादीही मी विनामूल्य द्यायला तयार आहे. फक्त ती पाठवायला चालणारा एक ईमेल पत्ता साइटवर टाका.

कळावे,

आपली विश्वासू,
पुण्यातली एक सॉफ्टवेअर टेस्टर

प्रत माहितीसाठी : सर्व ई-सेवा केंद्रचालक